मनसरच्या दगडात पहिला जीव सापडेल का?

प्रश्न असा आला आहे. नागपुरातल्या एका शाळेचे विज्ञानाचे सर मुलांना घेऊन रामटेकच्या सहलीला गेले होते. मनसरजवळ चहासाठी गाडी थांबली तेव्हा आठवीतल्या एका मुलीनं दगड उचलला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, पट्टे लाटांसारखे वरखाली झालेले, मध्येच टोपीसारखे उंचावलेले. मोबाइलवर फोटो टाकून शोधलं तर उत्तर आलं, 'स्ट्रोमॅटोलाइट'. म्हणजे सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून केलेला दगड, पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या जीवांची खूण. सर विचारतात : हे खरं का? नसेल तर साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी जीव होता हे ठरवतात कसं? आणि 'सर्वांत जुना जीव' दर दोन-चार वर्षांनी बदलतो कसा?

सर, आधी दगडाचं उरकून घेतो, मुलगी वाट पाहत असेल. तो स्ट्रोमॅटोलाइट नाही. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत तिनं मापासाठी अंगठा ठेवलाय (शाबास. मापाशिवायचे फोटो लावलेले जाडजूड अहवाल मी पाहिले आहेत). त्या नखाशेजारी, काळ्या पट्टीत, मोहरीएवढे नारिंगी-तपकिरी दाणे दिसतात. ते स्पेसार्टिन, म्हणजे मँगनीजवाला गार्नेट. पांढरी पट्टी क्वार्ट्झची, काळी मँगनीजच्या ऑक्साइडची. या खडकाला गोंडाइट म्हणतात. फर्मर नावाच्या भूवैज्ञानिकानं १९०९ साली आपल्याकडच्या गोंड लोकांवरून हे नाव ठेवलं आणि ते जगभर चाललं.

घरी पारखायचं असेल तर दगड हातात तोलून पाहा. तेवढ्याच आकाराच्या सीताबर्डीच्या काळ्या दगडापेक्षा जड लागेल. चाकूचं टोक पांढऱ्या पट्टीवर ओढा. ओरखडा उठणार नाही, उलट पोलादाचीच चंदेरी रेघ दगडावर उमटेल. लिंबू पिळा, फेस येणार नाही. स्ट्रोमॅटोलाइट बहुतेक वेळा चुनखडकात सापडतात, आणि चुनखडक लिंबानंही थोडा फसफसतो.

मग त्या लाटा कशाच्या? घडीच्या. जमिनीवर गोधडी पसरा आणि एका बाजूनं भिंतीकडे रेटा, तशा. मनसर-रामटेकचे खडक ज्या सौसर गटात मोडतात, तो गट शंभर कोटी वर्षांहून जुना आहे. समुद्राच्या तळावरचा गाळ म्हणून त्याची सुरुवात झाली. नंतर दोन भूखंडांच्या रेटारेटीत सापडून तो खोल गेला, पाच-सहाशे अंश तापला, कणकेसारखा मळला गेला आणि पुन्हा वर आला. इतकं सोसलेल्या दगडात सूक्ष्मजीवाचा नाजूक आकार टिकत नाही. कर्ब असलाच तर त्याचं ग्रॅफाइट होऊन बसतं.

घडी आणि स्ट्रोमॅटोलाइट यांतला फरक ओळखायला माझी जुनी युक्ती पत्र्याच्या छपराची आहे. पन्हाळी पत्रा टोकाकडून पाहिला तर ओळीनं टेकड्या दिसतात. बाजूला जाऊन पाहिला की कळतं, टेकड्या नव्हेत, लांबच लांब वरंबे आहेत. घडी घातलेला खडक असा असतो. खरा स्ट्रोमॅटोलाइट कोबीच्या गड्ड्यासारखा, कुठल्याही बाजूनं उभा कापला तरी घुमट. शिवाय त्याचे सगळे घुमट एकाच दिशेला, तेव्हाच्या आकाशाकडे, तोंड करून असतात. मुलीला दगडाची दुसरी बाजू पाहायला सांगा.

मोबाइल फसला म्हणून त्याला हसू नका. हीच हरकत मोठमोठ्या माणसांच्या कामावरही घेतली गेली आहे. ग्रीनलंडच्या इसुआ भागात बर्फ वितळून नवा खडक उघडा पडला आणि त्यात एक ते चार सेंटिमीटर उंचीचे शंकू दिसले. वय ३७० कोटी वर्षं. २०१६ साली हे सर्वांत जुने स्ट्रोमॅटोलाइट म्हणून जाहीर झालं, जगभर बातम्या आल्या. दोन वर्षांनी अ‍ॅबिगेल ऑलवूड यांच्या गटानं तेच ठिकाण तिसऱ्या बाजूनं पाहिलं आणि म्हटलं, हे शंकू नाहीत, वरंबे आहेत, खडक दाबला-ताणला गेल्यानं झालेले. पत्र्याचं छप्पर. मूळ गटाला हे मान्य नाही, वाद चालू आहे. मला विचाराल तर मी ऑलवूडबाईंच्या बाजूचा. पण मी ग्रीनलंडला गेलेलो नाही, आणि जागा न पाहता दिलेलं मत किती किमतीचं ते खाली सांगतोच.

आता काळाचं. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणांतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) ४५५ कोटी हा आकडा काढला, तो आजवर जवळपास तसाच टिकला आहे. मुलांना सांगताना मी विदर्भ एक्सप्रेस वापरतो. मुंबईला गाडी सुटली तेव्हा पृथ्वी जन्मली, नागपूर स्टेशन म्हणजे आज. अंतर ८३७ किलोमीटर, म्हणजे एक कोटी वर्षांना पावणेदोन किलोमीटरहून थोडं जास्त. या हिशेबानं सर्वांत जुना खनिजकण ठाणं यायच्या आत सापडतो. सर्वांत जुना, वयाबद्दल फारसा वाद नसलेला खडक कसाऱ्याच्या अलीकडे. ज्यांवर बहुतेक जण राजी आहेत ते जीवांचे सर्वांत जुने पुरावे नाशिक रोडच्या थोडं पुढे. हवेत ऑक्सिजन साचायला लागला पाचोरा सोडल्यावर. सीताबर्डीचा किल्ला ज्या बेसाल्टवर उभा आहे त्याचा लाव्हा वाहिला आणि डायनोसॉर संपले, ते पार खापरीच्या आसपास. माणूस गाडी प्लॅटफॉर्मला लागताना चढला.

म्हणजे मुंबई ते कसारा या टप्प्याचा जवळजवळ एकही खडक उरलेला नाही. या काळाला हेडियन म्हणतात. त्या वेळचं कवच उल्कांच्या माऱ्यानं फुटलं, वितळलं, पोटात गेलं, पुन्हा नव्या खडकात शिजलं. उरले ते झिरकॉनचे कण.

झिरकॉन म्हणजे झिर्कोनियमचं सिलिकेट. ग्रॅनाइटसारख्या खडकात तयार होतं, झिजत नाही, सहसा वितळत नाही, आम्लाला दाद देत नाही. त्याची खरी करामत वेगळीच आहे. स्फटिक घडताना तो युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळपास घेतच नाही. पुढे त्याच्यात जे शिसं सापडतं ते युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं असतं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम-२३५ निम्मं व्हायला सुमारे ७० कोटी. एकाच कणात दोन घड्याळं, वेगवेगळ्या चालीची. दोन्हींनी एकच वेळ दाखवली तर विश्वास ठेवायचा. दोघांत अंतर पडलं तर मधल्या काळात कणाला काहीतरी इजा झाली, शिसं गळालं, असं समजायचं.

हे कण वेगळे करणं म्हणजे काय असतं ते जरा जवळून सांगतो, कारण पुस्तकात ते एका ओळीत आटोपतात. वीस-पंचवीस किलो खडक पोत्यातून आणायचा. हातोड्यानं फोडायचा, मग यंत्रात रव्याएवढा बारीक करायचा. पाण्यावर हलवून हलकं वाहून जाऊ द्यायचं. घरात तांदूळ पाखडताना फोल उडतं आणि दाणा सुपात राहतो, तसंच. राहिलेल्या गाळात चुंबक फिरवायचं, लोहाचे कण निघून जातात. मग जड द्रवात टाकायचं, क्वार्ट्झ तरंगतं आणि झिरकॉन तळाशी बसतं. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बशीत, सुईच्या टोकाला थुंकीचा ओलावा लावून, एकेक कण उचलायचा. कण मिलिमीटरच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याएवढा. माझ्या उमेदीच्या काळात अशा एका दुपारी, तीन तास निवडलेले कण कुणीतरी पंख्याचं बटण दाबल्यानं उडून गेले. बटण दाबणारा मीच होतो. मे महिना होता आणि जागा नागपूर, तेव्हा थोडं समजून घ्या.

या खटाटोपातून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या खडकात ४४० कोटी वर्षांचा कण मिळाला, २००१ साली जाहीर झाला. गंमत अशी की तो ज्या खडकात आहे तो स्वतः ३०० कोटींचाच. कण कुठल्यातरी जुन्या, आता नाहीशा झालेल्या डोंगरातून झिजून नदीनं आणलेला. आजीचा दागिना नातीच्या डब्यात मिळावा तसा. त्या कणांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांत जड ऑक्सिजन अपेक्षेपेक्षा जास्त आहे, आणि तसं व्हायला ज्या खडकातून तो शिलारस झाला त्या खडकाची आधी वाहत्या, थंड पाण्याशी गाठ पडलेली असावी लागते. म्हणजे सुमारे ४३० कोटी वर्षांपूर्वी इथं पाणी होतं. 'हेडियन' हे नाव ग्रीकांच्या पाताळावरून ठेवलेलं आहे. तिथं लाव्ह्याचे समुद्र नव्हते, बहुधा पाण्याचेच होते.

आपल्याकडेही असा कण आहे, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकात का नाही हे मला कळत नाही. ओडिशात केओंझर जिल्ह्यातल्या चंपुआ इथल्या नाइस खडकात (खोलवर तापून-दाबून पट्टेदार झालेला खडक) ४२४ कोटी आणि ४०३ कोटी वर्षांचे झिरकॉन मिळाले, २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. आणि आपल्या दाराशीच म्हणाल तर बस्तरचं क्रेटॉन. गडचिरोलीच्या जंगलापासून छत्तीसगडभर पसरलेला हा जुना भूखंड, त्यातले काही ग्रॅनाइट-नाइस साडेतीनशे कोटी वर्षांच्याही मागचे. भिलाईला जाताना खिडकीतून दिसणारी सपाट भातशेती पाहून कुणाला वाटणार नाही. अख्खा खडक म्हणून सर्वांत जुना मात्र कॅनडातला अकास्ता नाइस, ४०३ कोटी. हडसन उपसागराच्या काठच्या नुव्वुआगिट्टुक पट्ट्याचं वय २००८ मध्ये ४२८ कोटी सांगितलं गेलं, त्यावर खूप भांडण झालं. २०२५ मध्ये दुसऱ्या मोजमापांतून ४१६ कोटी आलं. तिथल्याच लोहखडकात लालसर बारीक नळ्या सापडल्या, त्या सूक्ष्मजीवांच्या असल्याचा दावा २०१७ चा आहे. मी तो दावा 'थांबा आणि पाहा' या खणात ठेवला आहे.

जीव ओळखायचा कसा, हा तुमचा खरा प्रश्न. तीन प्रकारचे साक्षीदार असतात : आकार, कर्ब आणि जागा. लोक आकारापासून सुरुवात करतात. मी जागेपासून करा म्हणतो, आणि त्याला कारण आहे.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी कामठीच्या बाजूला वालुकाश्माच्या खाणीत आमची फील्ड होती. तिथं ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे जीवाश्म मिळतात हे आम्हाला शिकवलेलं होतं. मला फरशीवर काळं, नाजूक, फांद्या-फांद्यांचं नेच्याचं झाड दिसलं. मी ओरडलोच. सगळे धावत आले. सरांनी भिंग लावलं, काही बोलले नाहीत, दगड आडवा धरून हातोडीचा एक बेताचा ठोका दिला. झाड थराच्या पातळीवर नव्हतं, थर कापत गेलेल्या भेगेत होतं. सर म्हणाले, "का रे, झाड भेगेत उगवलं का?" ते डेंड्राइट होतं. भेगेत झिरपलेल्या पाण्यातून मँगनीज साचून होणारी नक्षी. नेच्यासारखी दिसते इतकंच. आमचा मजूर जवळ उभा होता, तोही म्हणाला, "असे तं आमच्या घरामागच्या गोट्यावर बी हायेत जी." चाळीस वर्षं झाली, अजून मित्र मला 'नेचा' म्हणतात.

तर जागा आधी. हा थर समुद्राच्या तळावर साचला की नंतर भेगेत घुसला? ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा भागातल्या एपेक्स चर्टची (चर्ट म्हणजे गारगोटीसारखा, सिलिकाचा कठीण खडक) गोष्ट याच मुद्द्यावर अडली. १९९३ साली विल्यम शॉफ यांनी तिथल्या ३४६ कोटी वर्षांच्या चर्टच्या पातळ छेदात मण्यांच्या माळेसारखे काळे तंतू दाखवले, अकरा प्रकारचे. दशकभर ते पाठ्यपुस्तकांत सर्वांत जुने जीवाश्म होते. २००२ साली मार्टिन ब्रेझियर यांच्या गटानं नकाशा नव्यानं काढला आणि दाखवलं की तो चर्ट समुद्रतळाचा थरच नाही. गरम पाण्याच्या झऱ्याची जुनी नळी आहे, खडक कापत गेलेली. पुढे त्या 'माळा' चिकणमातीच्या खनिजाच्या चकत्यांवर कर्ब चिकटून झाल्याचंही दाखवलं गेलं. शॉफ यांनी हार मानली नाही, कर्बाच्या मोजणीतून उत्तर दिलं. कोण बरोबर हे बाजूला ठेवू. एवढ्या मोठ्या वादात सगळं उलटंपालटं केलं ते भारी यंत्रानं नव्हे, हातोडा-होकायंत्र घेऊन काढलेल्या नकाशानं.

कर्बाचं असं आहे. जीव कर्ब घेताना हलका कर्ब-१२ जास्त उचलतो, जड कर्ब-१३ मागे ठेवतो. म्हणून जीवांच्या अवशेषात कर्ब-१३ हजारी वीस-तीसनं कमी भरतो. जॅक हिल्सच्या ४१० कोटी वर्षांच्या एका झिरकॉनच्या पोटात ग्रॅफाइटचे दोन ठिपके मिळाले, त्यांत ही घट हजारी २४ होती. २०१५ ची गोष्ट. दहा हजारांहून अधिक कण जमवले, त्यांतले ६५६ निवडून पारखले, तेव्हा एकात हे सापडलं. आता यावर जीवाची सुरुवात ठरवायची का? उल्केतला कर्बही हलका असू शकतो, खोल गरम पाण्यात जीवाशिवाय होणाऱ्या रासायनिक क्रियाही हलका कर्ब देतात. एका साक्षीदारावर फाशी देत नाहीत.

त्याच जॅक हिल्सच्या झिरकॉनांत २००७ साली चक्क हिरे सापडल्याचं जाहीर झालं होतं. हिरे म्हणजे खोल कवच, म्हणजे जाड भूखंड, म्हणजे आख्खा इतिहास नवा. काही वर्षांनी कळलं की कण चकचकीत करायला जी हिऱ्याची भुकटी वापरतात तीच भेगांत अडकली होती. माझ्याकडे शिकाऊ मुलं येतात तेव्हा त्यांना मी ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगतो.

मग खात्रीचं काय आहे? पिलबरातच आहे. ड्रेसर फॉर्मेशन (म्हणजे खडकांच्या थरांचा एक गट), ३४८ कोटी वर्षं, आणि स्ट्रेली पूल, ३४३ कोटी. स्ट्रेली पूलला उथळ समुद्राच्या काठानं किलोमीटरच्या किलोमीटर स्ट्रोमॅटोलाइट पसरले आहेत, आणि एका प्रकारचे नव्हेत. २००६ साली ऑलवूड (हो, त्याच, ज्यांनी इसुआला नाही म्हटलं) यांनी सात वेगवेगळे आकार नोंदवले. खोली बदलली की आकार बदलतो, जिथं गाळ जास्त आला तिथं थांबतो, पुन्हा उभारी धरतो. आकार जागेप्रमाणे वागतो, हे इथं पटतं. त्या खडकाला मारही कमी बसलाय, मनसरसारखा तो मळला गेलेला नाही. ड्रेसरच्या खोल ड्रिलिंगमध्ये, हवा-पाणी न लागलेल्या नमुन्यांत, स्ट्रोमॅटोलाइटच्या थरांतच सेंद्रिय पदार्थही मिळाला आहे. आकार, कर्ब, जागा तिन्ही एकमेकांना धरून.

नव्या पद्धतीचे लोक आजच्या जीवांच्या जनुकांवरून उलटा हिशेब करतात. २०२४ मध्ये तशा एका हिशेबानं आज जिवंत असलेल्या सगळ्यांचा समान पूर्वज ४२० कोटी वर्षांपूर्वीचा निघाला. असेलही. पण त्या घड्याळाला चावी जीवाश्मांवरूनच द्यावी लागते, म्हणून मी दगडवाला माणूस त्यावर अर्धाच विश्वास ठेवतो.

आपल्या बाजूच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली भीमबेटकाची. भोपाळजवळची ती चित्रांची गुहा तुम्ही मुलांना दाखवली असेल. तिथं प्रवेशाजवळच्या मोठ्या गुहेत, डोक्याच्या वर भिंतीवर, पानासारखी शिरा-शिरांची आकृती दिसली आणि २०२१ साली ती डिकिन्सोनिया म्हणून प्रसिद्ध झाली. साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वीचा, चपटा, रजईसारखा प्राणी. विंध्य खडकांच्या वयाचा जुना वाद त्यामुळे मिटला असंही म्हटलं गेलं. नंतर दुसरा गट गेला तेव्हा ती आकृती भिंतीवरून सुटत आणि कुजत चाललेली होती, आणि आजूबाजूला तशीच दुसरीही. ते आग्या मोहोळ होतं! जुनं, पोळं गळून गेलेलं, भिंतीवर मेणाचा ठसा राहिलेलं. आपल्या मेळघाटातला कुठलाही मध काढणारा खालूनच सांगेल. ज्यांनी जीवाश्म म्हटलं होतं त्या ग्रेगरी रिटॅलॅक यांनी चूक मान्य केली, हे मला फार आवडलं.

दुसरी गोष्ट उलटी आहे. डेहराडूनच्या वाडिया संस्थेतले रफत आझमी यांनी १९९८ साली विंध्य खडकांतून बारीक, फॉस्फेटचे जीवाश्म दाखवले आणि ते कॅम्ब्रियन काळातले, ५४ कोटींच्या आसपासचे, असं म्हटलं. इतरांना तिथं जाऊन ते मिळेनात. संशय घेतला गेला, बिचाऱ्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. २००९ मध्ये स्वीडनचे स्टीफन बेंग्टसन यांच्या गटानं चित्रकूटच्या खडकातून तेच जीवाश्म पुन्हा काढले. जीवाश्म खरे निघाले. वय मात्र १६० कोटी! म्हणजे आझमींचा दगड बरोबर, घड्याळ चुकलेलं. आणि चुकलेलं घड्याळ दुरुस्त झाल्यावर शोध लहान नाही, कितीतरी मोठा झाला. २०१७ साली त्यांतल्या लाल शैवालासारख्या एका तंतूला रफतआझमिया चित्रकूटेन्सिस असं नाव दिलं गेलं.

म्हणून 'विक्रम का बदलतो' याला माझं उत्तर : कधी घड्याळ सुधारतं, कधी जागा नीट पाहिली जाते, कधी मोहोळ निघतं. विक्रमाची बातमी पहिल्या पानावर येते आणि दुरुस्ती येतच नाही, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला तो नुसता गोंधळ वाटतो.

आता पुन्हा मुलीच्या दगडाकडे, कारण त्यात जीव नाही म्हणून ती हिरमुसली असेल तर तिला हे सांगा.

गडचिरोलीत सुरजागडचा डोंगर आहे, लोहखनिजाचा. तिथला बीएचक्यू, म्हणजे हेमाटाइट आणि क्वार्ट्झच्या पट्ट्यापट्ट्यांचा खडक, हातात घेतला तर लाल-करड्या रेघा वहीसारख्या आखलेल्या दिसतात. असे खडक जगभर पसरलेत आणि त्यांतले बहुतेक एका लांबलचक जुन्या काळातले आहेत. तेव्हा हवेत ऑक्सिजन नव्हता, म्हणून समुद्रात लोह विरघळून राहायचं. हिरवट सूक्ष्मजीव ऑक्सिजन सोडायला लागले तसं ते लोह गंजून तळाशी बसलं. हे सोपं करून सांगितलेलं आहे. ऑक्सिजनशिवायही लोह गंजवणारे सूक्ष्मजीव आहेत, म्हणून पट्टेदार लोहखडक दिसला की लगेच ऑक्सिजन म्हणू नये.

मँगनीज मात्र लोहाइतकं भोळं नाही. त्याला पाण्यातून काढून काळ्या ऑक्साइडच्या रूपात तळाशी बसवायला लोहापेक्षा कितीतरी चांगलं ऑक्सिडीकरण लागतं. समुद्रगाळातले मँगनीजचे मोठे साठे म्हणूनच, २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साचू लागला त्या घडामोडीशी जोडले जातात. आपला सौसरचा मँगनीज पट्टा त्याच्याही नंतरचा. त्या समुद्रात मँगनीज बसलं कारण पाण्यात ऑक्सिजन होता, आणि ऑक्सिजन होता कारण कोट्यवधी वर्षं सूक्ष्मजीव सूर्यप्रकाशावर तो काढत होते. पुढे तो गाळ तापला, मातीशी एकजीव झाला, आणि ती नारिंगी मोहरी तयार झाली. मुलीच्या हातात सूक्ष्मजीवाचा देह नाही. त्यांनी सोडलेल्या ऑक्सिजनचा हिशेब मात्र त्या काळ्या पट्टीत आहे.

खरा स्ट्रोमॅटोलाइट दाखवायचाच असेल तर फार लांब जायला नको. रायपूरच्या आसपासच्या चुनखडकात ते भरपूर आहेत, गड्डे कापल्यासारखी गोल वर्तुळं दिसतात. पुढच्या सहलीला जमवा. उन्हाळ्यात नको, चुनखडक डोळ्यांवर येतो. आणि हातोडा तुमच्याकडेच ठेवा, मुलांच्या हातात देऊ नका. वर्तुळं फोडून घरी आणण्यापेक्षा त्यांवर ओला रुमाल फिरवला तर रेघा जास्त स्पष्ट होतात, फोटोही चांगला येतो.

एक काम तेवढं आजच करा. मुलीला विचारा, दगड नेमका कुठून उचलला. जमिनीतून वर आलेल्या खडकाचा तुटलेला तुकडा होता, की रस्त्याच्या भरावात, गिट्टीत पडलेला? भरावातला असेल तर तो मनसरचाच आहे हेही आपण गृहीत धरलंय, ट्रकनं कुठूनही आलेला असू शकतो. उत्तर दगडावर पांढऱ्या रंगानं नको, वहीत लिहा, आणि दगडावर फक्त क्रमांक टाका. रंग लावला की पट्ट्या झाकल्या जातात.